तोंडात कागद धरणारे मास्तर

सोवनी मास्तर स्वस्थ बसलेत, असं मी वीस वर्षांच्या शेजारात फारसं पाहिलं नाही. लोणावळ्याला त्यांचं आणि आमचं बिऱ्हाड एकाच पत्र्याखाली, मधे फक्त फळ्यांची भिंत. त्यामुळे ते बसलेत, उभे आहेत की येरझारा घालतायत, हे मला इकडे पोळ्या लाटता लाटता कळायचं. बहुतेक वेळा येरझाराच. सहा पावलं पलीकडे, सहा पावलं अलीकडे. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे आणि मास्तर चित्रकला. हे म्हणायचे, "अगं, माणूस विचार करतोय." मी म्हणायची, "विचार बसूनही करता येतो की! माझं डोकं कशाला उठवायचं?"

तरुणपणी मास्तर काचकाम शिकायला जपानात गेले होते. स्वदेशीच्या भरात त्या काळी काही मुलं जायची. चार वर्षं ओसाकात राहिले, परत आले, एका कारखान्यात लागले, आणि भट्टीच्या आचेवरून मालकाशी भांडून सहा महिन्यांत बाहेर पडले. मग चित्रकला. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी परसातले मुळे आणून दिले.

सवयी तर काही विचारू नका. आमच्याकडे आले की वहाणा काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवायचे, आणि आमच्या सगळ्यांच्याही तशाच फिरवून ठेवायचे. स्वतःच्या कपात स्वतः चहा ओतायचे नाहीत, दुसऱ्याला ओतायचे. मी कामात असले की रिकाम्या कपापुढे ताठ बसून राहायचे बिचारे, पण किटलीला हात लावायचे नाहीत. सकाळी उजाडायच्या आत उठून भाज्याच्या लेण्यांपर्यंत चालत जायचे आणि शाळेच्या घंटेआधी परत. वर्गात रबराला बंदी. "खोडायचं नाही. चुकलं तर चुकलेलं घेऊन पुढे जा." एका श्वासात एक रेघ, आणि रेघ मारण्याआधी पाठ सरळ. आमचा थोरला त्या वर्गातून आला की जेवायलासुद्धा काठी गिळल्यासारखा बसायचा.

आणि त्यांच्याकडे तलवार होती.

मास्तर ओसाकात ज्या घरी राहिले, तिथले निशिमुरा आजोबा जुन्या वेळचे सामुराई. तरुणपणी एका सरदाराच्या पदरी होते. मग सरकार बदललं, सरदार गेले, शेंड्या कापल्या गेल्या आणि कंबरेला तलवार लावायची नाही असा हुकूम निघाला. शाळेत एकदा संमेलनाला हेडमास्तरांनी सोवनींना उभं केलं. म्हणाले, "जपानचे सामुराई आणि आपले मावळे यांवर जरा वीरश्रीचं बोला." पोरं पोट फाडून घेण्याच्या गोष्टी ऐकायला टपलेली. मास्तर पाऊण तास छत्रीच्या खळीवर बोलले! तांदळाची खळ किती घट्ट हवी, तेलकागद बांबूच्या काड्यांवर कसा ताणायचा, आणि चाळीस वर्षं आजोबांनी रोज किती छत्र्या चिकटवल्या. "लहानपणापासून डाव्या कुशीला दोन तलवारींचं ओझं. ते गेल्यावर म्हणे कित्येक वर्षं ते तिरके चालत होते," ते म्हणाले. "बाजारात पोरं हसायची. आजोबा त्यांना वाकून नमस्कार करायचे आणि छत्र्या विकायचे. लिहून घ्या." हेडमास्तर घड्याळ बघून बघून थकले. मागच्या रांगेत मी तोंडाला पदर लावून हसत होते, आणि मग कधी हसू थांबलं ते कळलंच नाही.

आजोबांचा मुलगा रशियाच्या लढाईत गेला. घरी फक्त त्याचे केस आले, लढाईवर जाताना कापून ठेवलेले. मागे सून आणि पाळण्यातला नातू, केन्जी. सून रोज म्हणायची, ही तलवार घराबाहेर काढा, नाहीतर मी समुद्रात टाकीन, माझ्या पोराला हिचा नाद लागायला नको. शेवटी आजोबांनी ती आपल्या हिंदी बिऱ्हाडकरूच्या हाती दिली. म्हणाले, "मुलगा मोठा होऊन मागेल तेव्हा दे. जशी देतोय तशी दे. नाही मागितली तर राहू दे तुझ्याकडे." मास्तरांनी कपाळ जमिनीला टेकवून शब्द दिला. त्या शब्दापायी पुढची तीस वर्षं त्यांना चैन नव्हतं.

तलवार कसली, दीड हात पातं, साधं लाकडी म्यान, वर ना नक्षी ना मोती. मला तर पहिल्यांदा पाहून हसूच आलं होतं. पण तिचे लाड काय विचारता! दर दोन महिन्यांनी मास्तर आंघोळ करून, दार लावून बसायचे. तोंडात कागदाची घडी धरायची, कारण श्वासाची वाफ पात्यावर गेली तर ते खराब होतं. मग जुनं तेल कागदाने पुसायचं, बारीक दगडी पुडीची पुरचुंडी पात्यावर हलके हलके आपटायची, पुन्हा पुसायचं आणि लवंगेच्या तेलाचा पुसटसा हात द्यायचा. बोट लावायचं नाही. पातं उघडं असताना बोलायचं नाही. तेवढा अर्धा तास भिंतीपलीकडे एकही पाऊल वाजायचं नाही, आणि सगळ्या घरात लवंगेचा वास.

तलवारीचा परवाना होता, म्हणून वर्षातून एकदा फौजदार येऊन बघून जायचे. एका साली नवीन फौजदार आले, नेमके त्या अर्ध्या तासात. दार लोटून आत. "नाव काय?" मास्तर गप्प. "ही कुठून आणलीत?" मास्तर गप्प, तोंडात कागद. फौजदार लालबुंद. "अहो, मी तुमच्याशी बोलतोय! सरकारी माणसाला कागद दाखवता की खाता?" मी भिंतीपलीकडून ओरडले, "अहो फौजदारसाहेब, दहा मिनिटं दम धरा, त्यांचं सोवळं चाललंय!" तेव्हा कुठे गृहस्थ खाली बसले. पातं म्यानात गेल्यावर मास्तरांनी कागद काढला, फौजदारांना वाकून नमस्कार केला आणि पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सगळी उत्तरं दिली.

भाज्याचे धोंडूआबा आम्हाला तांदूळ आणून द्यायचे. त्यांच्या देव्हाऱ्यातही पूर्वजांची तलवार होती. एकदा मास्तरांबरोबर आम्ही सगळे भाज्याला गेलो, तेव्हा आबांनी कौतुकाने ती दाखवली. दर दसऱ्याला लावलेल्या हळदी-कुंकवाची नि शेंदराची पुटं चढून चढून पातं कुठं आणि गंज कुठं, काही कळत नव्हतं. मास्तरांचे हात शिवशिवायला लागले.

"आबा, मी स्वच्छ करून देऊ? आठ दिवसांत आणून देतो."

आबा हसले. "न्हाई मास्तर. तो आमचा द्येव हाय. द्येवाला कुनी घासतंय व्हय?"

"पण आत लोखंड खाल्लं जातंय."

"जाऊ द्या की. आमाला कुटं लढाया जायचंय?"

परतताना मास्तर एवढे झपाझप चालत होते की मला धावावं लागलं.

मग एके साली केन्जी मुंबईला आला. एका जपानी कापूस कंपनीत कारकून. रविवारी गाडीने लोणावळ्याला आला, तीस-एक वर्षांचा, सुटाबुटातला, हसरा. माझी थालीपिठं चार खाल्ली त्याने. मास्तरांनी घाम पुसत पुसत तलवार पुढे ठेवली, तर त्याने ती उपसली आणि धार बघायला सरळ अंगठा लावला! मास्तरांच्या तोंडून असा आवाज निघाला की मला वाटलं त्यांचाच हात कापला. केन्जी ओशाळून हसला. आमच्या ह्यांना इंग्रजीत म्हणाला, माझ्या खोलीत एक खाट आणि एक टाइपरायटर मावतो, ही इथेच बरी आहे. तो गेल्यावर मास्तरांनी ते पातं तीन वेळा पुसलं.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी घोळ घातला.

सुट्टीत मास्तर आठ दिवस पुण्याला गेले होते, चित्रांच्या परीक्षेच्या कामाला. किल्ली माझ्याकडे. खंडेनवमीला मी ह्यांची कंपासपेटी पुजली, विळी पुजली, शेजारच्या सुताराच्या करवतीसुद्धा पुजल्या गेल्या. मनात आलं, अख्ख्या लोणावळ्यातलं एक खरं शस्त्र, आणि तेवढंच बिचारं अंधारात! गेले. म्यानातून काढली. हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि पात्यावर पाच बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. निशिमुरा आजोबांचंही नाव घेतलं हो मी. आणि ओली तशीच म्यानात घालून ठेवली.

आठ दिवसांनी मास्तर आले. मी फुशारकीने सांगायला गेले, तर ते तोंडात कागद धरून उभे, पातं हातात. पुसलेल्या कुंकवाखाली पाच ठिकाणी मसुराएवढे तांबूस डाग. लोखंड खाल्लं होतं. त्यांनी पातं म्यानात घातलं, कागद काढला. मी म्हणणार होते, मास्तर, मारा मला. पण त्यांनीच मला वाकून नमस्कार केला.

"वहिनी, तुम्ही पूजा केलीत. चांगलं केलंत."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी सुखाने जेवले असते. ते तसेच चालत बाहेर पडले आणि दिवेलागणीला परत आले. नंतर कितीतरी दिवस पूड, कागद, लवंगेचं तेल चाललं होतं. डाग जाईनात. घासणारे कारागीर तिकडे, त्यांच्या देशात. "जशी देतोय तशी दे म्हणाले होते," एवढंच एकदा पुटपुटले.

पुढच्या पावसाळ्यात जपानने चीनवर चाल केली. श्रावणात मास्तरांना दोन पत्रं आली, चार दिवसांच्या अंतराने. एक केन्जीचं. त्याला फौजेत बोलावलं होतं, राखीव अधिकारी म्हणून. कंपनीचं काम आवरून महिन्या-दीड महिन्यात बोटीत बसायचं होतं. अधिकाऱ्याला स्वतःची तलवार लागते, बरोबरीचे सगळे घराण्यातल्या नेतायत, तेव्हा आजोबांची तलवार न्यायला येतो. दुसरं त्याच्या आईचं. ते मास्तरांनी माझ्यासमोर वाचलं आणि मराठीत सांगितलं. अंगणातल्या झाडाला यंदा फळ बरं आहे. गुडघे दुखतात. केन्जी तुमच्याकडे येईल. त्याचे वडील गेले तेव्हा मला केस मिळाले होते. मी काही मागत नाही.

"मागत नाही म्हणजे?" मी विचारलं.

"मागितलंच की," मास्तर म्हणाले. "देऊ नका म्हणतेय."

"मग देऊ नका! लिहून टाका, हरवली म्हणून."

"हरवलेली नाही."

"मग नाही म्हणा."

"मागेल तेव्हा दे, असा शब्द आहे वहिनी. तो मागतोय."

त्यानंतरचे ते दिवस मी विसरायची नाही. भिंतीपलीकडे सहा पावलं, सहा पावलं, दिवसभर. शाळेतून आले की सहा पावलं. जेवण धड नाही. आबा तांदूळ घेऊन आले तर मलाच म्हणाले, "मास्तरास्नी काय झालंय? कवाबी बगावं तर भाज्याच्या वाटंवर. पावसात सुदिक. लय खंगलंत." लोणावळ्याचा तो पाऊस, भिंतींना बुरशी, काड्यापेटी पेटत नाही, आणि मास्तरांची मागची खिडकी सताड उघडी! मी किती वेळा ओरडले, "मास्तर, खिडकी लावा, सगळं घर भिजतंय!" आतून उत्तर यायचं, "राहू द्या." मी म्हटलं, माणसाचं भान सुटलंय. आणि अपराधी मी. तलवार द्यायची वेळ आली आणि मी तिला डाग लावून बसलेली. मी तर गणपतीला नवस बोलले होते की त्या मुलाला डाग दिसू नयेत.

गणपती उठले आणि केन्जी आला. केस बारीक कापलेले, हसू कुठल्या कुठे. मास्तरांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी आणि हे दाराशी बसलो. मास्तरांनी तलवार दोन्ही हातांनी पुढे केली, केन्जीने दोन्ही हातांनी घेतली. या खेपेला त्याने सगळं रीतीने केलं, कुणीतरी शिकवलं असावं. खिशातून कागद काढून तोंडात धरला आणि म्यान ओढलं.

निघेना. पुन्हा ओढलं. खरखर आवाज करत पातं बाहेर आलं, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हाही तेच. टोकापासून मुठीपर्यंत तपकिरी, पापुद्रे सुटलेले. देव्हाऱ्यातली आबांची तरी बरी!

माझ्याने राहवलं नाही. "माझ्यामुळे झालं हो!" मी ओरडले. "मी कुंकू लावलं! अहो, त्याला सांगा ना इंग्रजीत!" हे सांगणार, तोच मास्तरांनी हात वर केला. मग त्यांनी कपाळ चटईला टेकवलं आणि जपानीत एकच वाक्य बोलले. केन्जी बराच वेळ पात्याकडे बघत राहिला. डोळे भरून आले होते त्याचे, रागाने की कशाने कोण जाणे. त्याने पातं म्यानात घातलं, तलवार मास्तरांच्या पुढ्यात ठेवली, मागे सरकून वाकला आणि उठला. आठ दिवसांत बोट होती. असलं पातं घासून घ्यायला महिने लागतात, आणि असलं घेऊन वरिष्ठांपुढे उभं राहता येत नाही. चहासुद्धा घेतला नाही त्याने. हे त्याला स्टेशनवर सोडायला गेले.

मी पदरात तोंड घालून रडत होते. "काय सांगितलंत त्याला?"

"सांभाळता आली नाही. दोष माझा."

"तुमचा कसला? कुंकू माझं."

"वहिनी," मास्तर म्हणाले, "तुमची पाच बोटं होती. बाकीचं दीड हात मी केलं."

मला आधी कळेचना. मग ती मागची खिडकी आठवली.

"दीड महिना उघडी ठेवली होती खिडकीत. सकाळी उठलं की पुसून टाकावीशी वाटायची. घरात थांबलो असतो तर पुसली असती, म्हणून भाज्याला जायचो." मग हळूच म्हणाले, "मागेल तेव्हा दे, म्हणाले होते. दिली. जशी देतोय तशी दे, ते मोडलं. दोन्ही पाळलं असतं तर त्या आईच्या पोराच्या हातात मीच तलवार दिली असती."

मला राग आला. खरंच आला. तीस वर्षं जपलेली वस्तू! "आणि तो लढाईवर जायचा राहिला का?"

"नाही. जाईल. दुसरी मिळेल त्याला."

"मग काय मिळवलंत?"

त्यांनी तलवार उचलून आत नेली. मी घरी आले. भिंतीपलीकडे पावलं सुरू झाली होती.

त्यानंतर त्या तलवारीचं नाव आमच्यात निघालं नाही. शाळा, मुळे, भाजे, सगळं चालू होतं. केन्जीचं पत्र नाही. चार वर्षांनी ह्यांची तळेगावच्या शाळेत नेमणूक झाली. निघायच्या दिवशी सामान टांग्यात भरलं आणि मी मुलीला टाकायचं पत्र घेऊन पोस्टात गेले. खिडकीशी सोवनी मास्तर उभे. आतले बाबू त्यांचा लिफाफा परत सरकवत होते.

"मास्तर, तिकडचं टपाल घेत नाहीत आता. लढाई लागली ना जपानशी. सगळं गाव बोलतंय, तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. पण बघा तरी घेऊन."

"घेऊन ठेवू कुठं?"

मी त्यांना बाहेर पायरीवर घेऊन आले. लिफाफ्यावर ती उभी उभी अक्षरं. विचारलं, "कुणाला?"

"केन्जीच्या आईला. तलवार त्याच्याबरोबर गेली नाही, एवढंच कळवायचं होतं."

"आत्ता? अहो, चार वर्षं झाली!"

"शब्द मोडला हे आपल्या हाताने लिहायचं म्हणजे…" ते लिफाफा उलटसुलट करत राहिले. "जमत नव्हतं. परवा जमलं."

"त्याने सांगितलं असेल की आईला."

"नाही सांगणार. माझी चूक घरी सांगून माझी अब्रू घालवणारा मुलगा नाही तो. मोठ्या घरचा आहे."

"म्हणजे त्या माउलीला अजून…"

"तिला वाटत असेल, मी दिली."

टांगेवाला कोपऱ्यावरून हाका मारत होता, हे हातवारे करत होते. मी मास्तरांना वाकून नमस्कार केला, तळेगावला या म्हटलं, आणि टांग्यात चढले. वळणावर मान मागे वळवून पाहिलं. मास्तर पुन्हा पोस्टाच्या पायऱ्या चढत होते.